विश्लेषण : आघाड्या अनेक, मोहीम एक, वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांनी विखुरलेल्या फौजा कशा सांभाळल्या?

वसई म्हटले की चिमाजी अप्पांची एक आख्यायिका हमखास सांगितली जाते. किल्ला पडत नाही म्हणून वैतागलेल्या अप्पांनी सरदारांना सांगितले, की मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझे मस्तक तरी किल्ल्यात पडेल. गोष्ट थरारक आहे, पण तिच्यामुळे वसईचा विजय म्हणजे एका माणसाच्या त्वेषाचा विजय वाटतो. प्रत्यक्षात १७३७ ते १७३९ या काळात पालघर, ठाणे, मुंबई उपनगर आणि थेट गोव्यापर्यंत पसरलेल्या वेगवेगळ्या तुकड्यांनी ही मोहीम जिंकली. आज विरारहून एक, हिंजवडीहून दुसरा आणि बंगळूरुहून तिसरा सहकारी एकाच टीममध्ये काम करतो. अशा काळात त्या मोहिमेची आखणी समजून घेण्यासारखी आहे.

चिमाजी अप्पा कोण होते?

चिमाजी बल्लाळ भट हे पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे धाकटे पुत्र. जन्म साधारण १७०७ मधला. थोरले बंधू म्हणजे पहिले बाजीराव. १७२० मध्ये वडिलांचे निधन झाले आणि छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपद बाजीरावांना दिले, तेव्हा चिमाजी जेमतेम १३ वर्षांचे होते.

पुढच्या २० वर्षांत दोघा भावांनी कामाची एक वाटणी बसवली. बाजीराव बहुतेक काळ उत्तरेत किंवा निजामाच्या मुलखात मोहिमेवर असत. पुण्याचा कारभार, साताऱ्याला छत्रपतींच्या दरबारी संपर्क, पैशांची जुळवाजुळव, कोकणातले राजकारण आणि गरज पडेल तेव्हा स्वतंत्र मोहीम हे चिमाजींकडे असे. त्यांची प्रकृती नाजूक होती. १७३० मध्ये मुलगा सदाशिवराव जन्मला आणि त्यानंतर महिन्याभरात पत्नी रखमाबाई वारल्या. हेच सदाशिवराव पुढे पानिपतचे भाऊसाहेब म्हणून ओळखले गेले.

दोन भाऊ दोन ठिकाणी, मग निर्णय कोण घेई?

याचे पहिले ठळक उदाहरण १७२८ चे. त्या वर्षी दोघे भाऊ एकाच वेळी उत्तरेकडे निघाले, पण वेगवेगळ्या वाटांनी. बाजीराव वऱ्हाडातून बुंदेलखंडाकडे गेले, तर चिमाजी खानदेशातून माळव्यात शिरले. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजींच्या फौजेने मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरधरबहादूर आणि त्याचा नातलग दयाबहादूर यांचा पराभव केला. दोघेही मारले गेले.

तेव्हा चिमाजींचे वय २१ च्या आसपास होते. बाजीराव शेकडो किलोमीटर दूर होते. पत्र लिहून उत्तर येईपर्यंत थांबले असते, तर लढाईची संधी गेली असती. म्हणजे काय साधायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे आणि ते कसे साधायचे हे जागेवरच्या माणसाने ठरवायचे, ही पद्धत या भावांत वसईच्या आधीच रुळली होती. १७३६ मध्ये कोकणात रेवसजवळ जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याला चिमाजींनी लढाईत मारले. त्या मोहिमेतून किनाऱ्यावरचे युद्ध, खाड्या, आरमार आणि भरती-ओहोटीचा अनुभव त्यांच्या गाठीशी आला.

वसई इतकी महत्त्वाची का होती?

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोन शतके वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. दमणपासून चौलपर्यंतची ठाणी, साष्टी बेट, ठाणे, केळवे-माहीम, तारापूर, अर्नाळा, आशेरीगड असा हा पसारा होता. मराठी कागदपत्रांत या भागाला फिरंगाण म्हणतात.

इथल्या हिंदू रयतेच्या पोर्तुगीज राजवटीबद्दल तक्रारी होत्या. सणवार आणि धार्मिक विधींवर बंधने होती, इन्क्विझिशनची दहशत होती, जमिनींचे वादही होते. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे बंधू, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशी स्थानिक मंडळी अनेक वर्षे पुण्याकडे दाद मागत होती. या मंडळींनी तक्रारींबरोबर माहितीही आणली. कोणत्या खाडीत कधी पाणी उतरते, कोणत्या ठाण्यावर किती शिबंदी आहे, कोणती भिंत अर्धवट आहे हे त्यांना ठाऊक होते. पुण्यात बसून नकाशावर दिसत नाही अशी ही माहिती होती आणि मोहिमेचा पाया तिच्यावर घातला गेला.

पहिला डाव कसा सुरू झाला?

१७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी हालचाल केली. एका तुकडीने ठाणे घेतले. तिथला पोर्तुगीज किल्ला अजून बांधून पूर्ण व्हायचा होता. दुसऱ्या बाजूने शंकराजी केशव फडके वसईच्या दिशेने सरकले. त्याच सुमारास विरारसमोरचे अर्नाळा बेट ताब्यात आले. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या बेटामुळे वसईच्या उत्तरेकडच्या समुद्री वाटेवर नजर ठेवता येऊ लागली. मराठ्यांनी तिथे नवा किल्ला बांधला. त्याच्या दारावरच्या शिलालेखात बाजीराव आणि शंकराजी ही नावे आजही वाचता येतात.

ठाणे पडल्यामुळे साष्टी बेटाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. साष्टी म्हणजे ढोबळमानाने आजचे मुंबई उपनगर, ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर. वसईचा किल्ला मात्र तसाच उभा राहिला.

मोहीम दीड वर्ष का अडली?

कारणे तीन होती आणि ती आजच्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला ओळखीची वाटतील.

पहिले कारण घाई. १७३७ च्या पावसाळ्यात शिड्या लावून किल्ल्यावर चढण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. चिमाजी तेव्हा पुण्यात होते. वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाणी आणि दलदलीने वेढलेला आहे, जमिनीवरून हल्ला फक्त उत्तरेकडून होऊ शकतो. त्या एकाच बाजूला पोर्तुगीजांचे मजबूत बुरूज आणि तोफा होत्या.

दुसरे कारण माणसांची ओढाताण. १७३७ च्या अखेरीस बाजीराव भोपाळजवळ निजामाशी लढत होते. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार तिकडे हवे होते. दक्षिणेतून निजामाच्या मदतीला त्याचा मुलगा नासिरजंग जाऊ नये, म्हणून खुद्द चिमाजींना तापीकाठी ठाण मांडून बसावे लागले. भोपाळला बाजीराव जिंकले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराईचा तह झाला. चिमाजींनी आपल्या वाट्याचे काम चोख केले होते, पण त्याची किंमत वसईच्या आघाडीने मोजली.

तिसरे कारण म्हणजे पोर्तुगीजांची कुमक. अपुऱ्या बळावर केळवे-माहीमला घातलेला मराठ्यांचा वेढा बाहेरून आलेल्या पोर्तुगीज तुकडीने उधळून लावला. समुद्राची वाट मोकळी होती, त्यामुळे एका ठाण्यावर हल्ला झाला की दुसरीकडून होड्यांनी माणसे आणि दारूगोळा येई.

थोडक्यात, वसईवर कितीही डोके आपटले तरी उपयोग नव्हता. ती ज्या जाळ्याच्या मध्यभागी होती, ते जाळे आधी तोडायला हवे होते.

नवा आराखडा काय होता?

१७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्यांचा सेनानी पेद्रू द मेलू मारला गेला. त्यानंतर चिमाजी मोठ्या फौजेसह कोकणात उतरले. या वेळी त्यांनी थेट वसई गाठली नाही. आधी कामे वाटली गेली.

- वसईसमोर : शंकराजी फडके. १७३७ पासून ते या भागात पाय रोवून होते. मुख्य फौज येईपर्यंत दबाव कायम ठेवणे हे त्यांचे काम.
- उत्तर किनारा : चिमाजी स्वतः आणि मुख्य फौज. केळवे-माहीम, तारापूर, डहाणू, आशेरीगड ही ठाणी काढून दमणकडून येणारी मदत तोडणे.
- साष्टी आणि वसईच्या खाडीचे मुख : खंडोजी माणकर. वेसावे आणि धारावी ही ठाणी. ही धारावी मुंबईतली नव्हे. भाईंदर-उत्तनजवळचा हा डोंगरी भाग खाडीच्या पलीकडे, वसईच्या किल्ल्यासमोर येतो. तिथून खाडीत शिरणाऱ्या होड्यांवर मारा करता येतो.
- समुद्र : मानाजी आंग्रे यांचे आरमार. होड्यांची ये-जा रोखणे.
- गोवा : इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे. चिमाजींची बहीण अनुबाई यांचे हे पती. जानेवारी १७३९ मध्ये त्यांनी गोव्याच्या साष्टी प्रांतात शिरून मडगाव घेतले आणि राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला.

यादीत सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. घोरपड्यांना गोवा जिंकायचा नव्हता. गोव्यातले सैन्य आणि पैसा गोव्यातच अडकून पडावा, एवढेच त्यांच्या कामाचे मोल होते. वसईपासून चारशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या या तुकडीने वसईची तटबंदी कधी पाहिलीही नसेल, तरीही वसईच्या निकालात तिचा वाटा मोठा आहे.

निरोप कसे जात होते?

टपाल नव्हते, तार नव्हती. भिस्त होती जासुदांवर. पायी धावणारे हे निरोपे अनेकदा जोडीने धाडले जात. छावणीतून पुण्याला, पुण्याहून साताऱ्याला, उत्तरेत बाजीरावांना आणि एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पत्रे सतत फिरत. यातली शेकडो पत्रे पेशवे दफ्तरात टिकली. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात ती छापलीही गेली. म्हणूनच ही मोहीम आज इतक्या बारकाईने समजते.

या पत्रव्यवहारात रोजच्या कामाचे तपशील भरपूर आहेत. कुठे किती माणूस आहे, दारू आणि गोळे किती उरले, शिड्या पोहोचल्या का, मोर्चा किती पुढे सरकला, कोण जखमी झाले आणि कोणाला पैसे द्यायचे आहेत, असा हा मजकूर. दूर असलेल्या माणसालाही जागेवरचे चित्र उभे करता यावे, अशी ही पद्धत होती.

दुसरी गोष्ट माणसे सांभाळण्याची. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर ठार झाले. पेशव्यांच्या घरोब्यातले हे सरदार. मोहीम ऐन भरात असताना चिमाजींनी बाजींच्या आईला सांत्वनाचे पत्र लिहिले. रणात पडलेल्या माणसाची घरी दखल घेतली जाते, हे बाकीच्या तुकड्यांनाही कळत होते.

पोर्तुगीजही विखुरलेलेच होते, मग ते का हरले?

हा प्रश्न विचारायला हवा, कारण दोन्ही बाजूंची रचना वरवर सारखीच होती. पोर्तुगीजांचीही ठाणी अनेक होती आणि मुख्यालय लांब, गोव्यात होते. वसईत लढणारे अधिकारी आणि शिपाई शूर होते. सेनापती मार्तिन्यू द सिल्वैरा वेढ्यातच मारले गेले.

फरक जोडणीत होता. पोर्तुगीजांची सगळी ठाणी समुद्राच्या एकाच धाग्याने बांधलेली होती. तो धागा अर्नाळा, वेसावे, धारावी आणि आरमार यांनी तोडला आणि प्रत्येक ठाणे एकटे पडले. गोव्याच्या तिजोरीत पैसा नव्हता आणि दारात घोरपडे होते. वसईने मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडा दारूगोळा दिला. कर्ज दिले ते फक्त १५ हजार रुपयांचे, तेही चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून.

मराठ्यांकडे जोडणीचे पर्याय होते. कल्याणचा तळ जवळ होता, घाटावरून रसद येत होती, स्थानिक लोक वाटा दाखवत होते. एक वाट बंद झाली तर दुसरी चालू राही.

शेवटचे तीन महिने कसे गेले?

जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम आणि तारापूर पडले. फेब्रुवारीत चिमाजी वसईसमोर आले. वेसावे आणि मार्चमध्ये धारावी हाती आल्यावर खाडीचे तोंड बंद झाले. आता सगळ्यात अवघड काम शिल्लक होते आणि त्यासाठी नेता स्वतः जागेवर होता. १७३७ च्या पावसाळ्यात आणि १७३९ मध्ये हाच सर्वांत मोठा फरक.

त्याच वेळी दिल्लीहून धक्कादायक बातमी आली. इराणचा नादिरशहा दिल्लीत घुसला होता आणि मार्चमध्ये तिथे कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळला तर काय, या चिंतेने बाजीराव बुऱ्हाणपूरकडे निघाले. त्यांना फौज हवी होती आणि फौजेचा मोठा भाग वसईत गुंतला होता. वसईचा वेढा उठवून सगळे उत्तरेकडे नेणे हा एक मार्ग होता. १७३७ मध्ये तसेच झाले होते. या वेळी ती चूक झाली नाही. वसईचे काम पुरे करूनच निघायचे, यावर दोघे भाऊ ठाम राहिले.

किल्ल्याच्या उत्तर बाजूला सां सेबास्तियांव आणि रेमेदियूश हे दोन बुरूज होते. मोर्चे सरदारांत वाटून दिले गेले. तोफांच्या माऱ्याखाली खंदक खणत मराठे तटापर्यंत पोहोचले आणि त्यांनी बुरुजांखाली सुरुंग भरले. मेच्या मध्यावर शेवटचा हल्ला झाला. काही सुरुंग ठरल्याप्रमाणे उडाले आणि तट फुटला. मराठे भगदाडात घुसले, तेवढ्यात मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडाला. त्यात आपलेच अनेक लोक गाडले गेले. तरीही हल्ला थांबला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत सां सेबास्तियांवचा बुरूज मराठ्यांच्या ताब्यात आला.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीज सेनापती काएतानू द सौझा परेरा यांनी शरणागतीच्या अटींवर सही केली. मराठी इतिहासाच्या काही पुस्तकांत ही तारीख ५ मे अशी दिसते. त्या काळी इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत आणि ती ११ दिवस मागे होती. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत.

किंमत किती मोजावी लागली?

ग्रँट डफ या इतिहासकाराने या वेढ्यात मराठ्यांचे ५ हजारांहून अधिक लोक मृत आणि जखमी झाल्याचे नोंदवले आहे. पोर्तुगीजांकडचा आकडा ८०० चा आहे. जिंकणाऱ्या बाजूचे नुकसान हरणाऱ्यांच्या सहापट होते. आखणी कितीही चांगली असली तरी शेवटचा तट माणसांनीच चढायचा होता, याची ही आठवण.

इतकी माणसे गमावल्यावर सूडाची लाट येऊ शकली असती. तहाच्या अटी मात्र संयमी होत्या. शिबंदी आणि कुटुंबांना आपली मालमत्ता घेऊन सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा देण्यात आली. आठवड्याभराने पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. पोर्तुगीज नोंदींनुसार या युद्धात त्यांनी ८ शहरे, २० किल्ले आणि ३४० गावे गमावली. १७४० च्या तहात चौलही गेल्यावर उत्तरेत त्यांच्याकडे दमण आणि दीवच उरले.

जिंकल्यानंतर वसईचा कारभार शंकराजी फडके यांच्याकडे आला. सर्वांत जास्त काळ या आघाडीवर राहिलेल्या माणसाकडेच ती सोपवली गेली. बदललेला वारा ओळखून मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला चिमाजींकडे पाठवले आणि जुलै १७३९ मध्ये तह केला.

पुढच्या दीड वर्षात काय घडले?

१७४० च्या सुरुवातीला दोघे भाऊ नासिरजंगाविरुद्ध एकत्र लढले. त्यानंतर बाजीराव उत्तरेकडे निघाले, तर चिमाजी आणि पुतणे नानासाहेब हे आंग्रे बंधूंच्या भांडणात मानाजींच्या मदतीला कुलाब्याकडे गेले. तिथेच बातमी आली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले होते.

या काळाची एक कडवट बाजूही आहे. बाजीराव दूर असताना चिमाजी आणि नानासाहेबांनी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले होते. रणांगणावर एकमेकांवर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या या भावांत घरच्या प्रश्नावर मात्र तो मोकळेपणा उरला नव्हता. चिमाजींचे चरित्र लिहिताना हा भाग गाळता येत नाही.

चिमाजींनी स्वतःसाठी पेशवेपद मागितले नाही. ते नानासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले आणि शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांना दिली. १७ डिसेंबर १७४० रोजी, वयाच्या साधारण तेहतिसाव्या वर्षी चिमाजी अप्पा वारले. पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. आठ महिन्यांच्या आत दोन्ही भाऊ गेले आणि २० वर्षे चाललेली ती जोडी संपली.

पुढे १७६१ मध्ये चिमाजींचे पुत्र सदाशिवरावभाऊ पानिपतावर लढले. शौर्य कमी नव्हते, तोफखानाही चांगला होता. पण अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेकडची वाट अडवली. रसद आणि बातमी दोन्ही तुटली. वडिलांनी वसईला पोर्तुगीजांचे जे केले, तेच मुलाच्या वाट्याला आले.

आजच्या टीमने यातून काय घ्यावे?

लष्करात हुकूम चालतो, ऑफिसात तो चालत नाही. त्यामुळे सगळे जसेच्या तसे लागू होणार नाही. तरी पाच गोष्टी उघड दिसतात.

- ठिकाणागणिक एक जबाबदार माणूस. वसईला फडके, गोव्याला घोरपडे, साष्टीत माणकर. काम कोणाचे, हा प्रश्न कोणत्याच आघाडीवर उरला नाही.
- लांबच्या टीमला आपल्या कामाचा अर्थ माहीत हवा. गोव्यातल्या तुकडीचे यश किती मुलूख घेतला यावर मोजायचे नव्हते, शत्रूला किती काळ अडकवले यावर होते.
- जागेवरच्या माहितीला मान. अंजूरकर आणि कावळे यांनी दिलेली खाड्यांची माहिती पुण्याच्या अंदाजापेक्षा मोलाची ठरली.
- एकाच माणसाला दोन ठिकाणी धरू नये. १७३७ मध्ये तेच सरदार भोपाळलाही हवे होते आणि वसईलाही. १७३९ मध्ये आधी एक काम पुरे झाले.
- नेत्याने सगळीकडे नसावे, पण सर्वांत अवघड जागी असावे. बाकी आघाड्या मार्गी लावून चिमाजी वसईसमोर बसले आणि निकाल लागेपर्यंत हलले नाहीत.

या खुणा आज कुठे दिसतात?

पश्चिम रेल्वेने भाईंदर सोडून गाडी नायगावकडे निघाली, की पुलाखाली वसईची खाडी लागते. खाडीच्या मुखाकडे पाहिले तर एका काठाला धारावीचा डोंगर आणि दुसऱ्या काठाला वसईचा किल्ला येतो. ही खाडी बंद झाली तेव्हा मोहिमेचा निकाल जवळपास ठरला होता.

वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. अर्नाळ्याला जायला आजही होडीच लागते. भिवंडी तालुक्यातले वज्रेश्वरी मंदिर चिमाजींच्या नवसातून उभे राहिले असे मानले जाते. त्याच्या ५२ पायऱ्या चढून गेल्यावर दिसणारा नगारखाना वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाची आठवण करून देतो. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळची मेणवली इथे ज्या मोठ्या पोर्तुगीज घंटा टांगलेल्या आहेत, त्यांचे नाते याच मोहिमेशी सांगितले जाते. तेव्हा वसईचा विजय एकट्या वसईत घडला नाही, आणि त्याच्या खुणाही एकट्या वसईत उरल्या नाहीत.